सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी

माझी नोकरी नेमकी काय आहे, हे मला कधी कुणाला धड सांगता आलं नाही. मॉलमध्ये आहे म्हटलं की लोक विचारतात, कुठल्या दुकानात? कुठल्याच नाही. मग सिक्युरिटीत? नाही. साफसफाईत? तेही नाही. मी सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी उभी असते आणि त्यावर पाय कसा टाकायचा ते लोकांना सांगते. एवढं ऐकलं की समोरचा माणूस हसतो, नाहीतर गप्प होतो, आणि मग मीच विषय बदलते. वीस वर्षं हे चाललंय. आता विषय बदलायचाही कंटाळा येतो.

या वीस वर्षांत मी किती बायकांना हात देऊन वर पाठवलं ते मलाही सांगता येणार नाही. एका बाईला मात्र दिला नाही. ती माझी आई. ती एकदा आली होती, त्या जिन्यासमोर उभी राहिली होती, आणि माझ्यामुळे खालूनच परत गेली. आता महिनाअखेरीला मॉल बंद होणार म्हणून नोटीस लागली, तेव्हा मला माझ्या नोकरीच्या आधी आई आठवली. मॉल बंद व्हायच्या आत तिला एकदा वर न्यायचं, एवढंच मी मनाशी धरलं.

आमचं घर भांडुपच्या टेकडीवर. तिथून खालचा एलबीएस रोड दिसतो. माझ्या लहानपणी रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखान्यांची पत्र्याची छपरं होती आणि भोंग्यावर आमच्या चाळीतल्या बायका कुकर लावायच्या. मग एकेक भोंगा बंद पडत गेला. पत्रे उतरले, भिंती राहिल्या, आत झुडपं वाढली. काही वर्षं तसंच पडून होतं. मग क्रेन आल्या आणि मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत काचेच्या इमारती उठायला लागल्या. ज्या गेटातून माणसं डबा घेऊन आत जात होती, तिथून माणसं हात हलवत आत जाऊ लागली. तळघरात किराण्याचं भलंमोठं दुकान, वर कपडे, त्याच्या वर बूट, आणि सगळ्यांत वर खायचं. आमच्या चाळीतल्या बायकांना आतलं कुणी काही विकत घेईल असं वाटत नव्हतं. तरी पहिल्याच रविवारी अर्धी चाळ तिथं होती.

मला घेतलं ते बारावी झालेय, तीन भाषा बोलते आणि चेहऱ्यावर राग दिसत नाही म्हणून. राग येत नाही असं नाही, दिसत नाही. ट्रेनिंग दोन दिवसांचं होतं. समोरच्याचा हात ओढायचा नाही, आपला पुढे करायचा. निऱ्या डाव्या हातात, उजवा पाय आधी. खाली बघू द्यायचं नाही, कारण खाली बघितलं की पायऱ्या एकमेकींपासून सुटताना दिसतात आणि भोवळ येते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, 'आता' हा शब्द जरा लवकर म्हणायचा. ऐकणं आणि पाय उचलणं यात अर्धं पाऊल जातं. हे अर्धं पाऊल मी पोटासाठी वीस वर्षं जपलं.

सुरुवातीचे दिवस नुसते जत्रेचे होते. माणसं खरेदीला नाही, जिना बघायला यायची. नवरा वर पोचलेला, बायको खालीच, आणि दोघं एकमेकांना हातवारे करतायत, हे तर रोजचंच. काही पुरुष पायरीपर्यंत ऐटीत यायचे, थबकायचे आणि "आपल्याला व्यायाम पाहिजे" म्हणून साध्या जिन्याकडे वळायचे. त्यांना मी कधी अडवलं नाही. एक मालवणी आजी तर माझं मनगट गच्च धरून विचारत होती, "अगो बाय, ह्यां माका खंय घेऊन जातला?" कपड्यांच्या दुकानात, असं मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मगे नको, कपडे आसत माझ्याकडे."

सगळ्यांत धोका होता तो नमस्काराचा. नव्या घरात किंवा बोटीत पाय ठेवताना करतात तसा बायका त्या सरकत्या पायरीला हात लावून कपाळाला लावायच्या. पायरी जिथून निघते तिथं लोखंडाचे दाते असतात. तिथं बोट गेलं तर संपलं. वाकलेल्या बाईचं मनगट हवेतल्या हवेत पकडायचं, हे मला ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही बौद्ध, आमच्या घरात उंबऱ्याला, पायरीला नमस्कार नाही, त्यामुळे मला आधी हसू यायचं. पुढे पुढे हसू गेलं आणि नुसते हात दुखायला लागले.

पायांचं तर विचारूच नका. दहा तास उभं राहायचं. स्टूल नाही, खांबाला टेकायचं नाही, टेकलं की कॅमेऱ्यात दिसतं. घरी गेले की बुटांचे ठसे पायावर उमटलेले असायचे. आई एका बादलीत कोमट पाणी आणि मीठ घालून ठेवायची. ती स्वतः तेव्हा पवईच्या एका ऑफिसात फरशी पुसायला जायची. पहाटे उठून, साहेब लोक यायच्या आत चार मजले. तिचे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते, पण बादली ती माझ्यासाठी भरायची.

तिला मॉल बघायचा होता. तसं ती तोंडानं म्हणाली नाही. "तुझं ते सरकतं काय आहे, ते बसमधून दिसतं का गं रस्त्यावरून?" एवढंच विचारायची. मी म्हणायचे, ये ना एकदा, मी नेते वर. आणि मग मी विसरून जायचे.

ती आली ती दिवाळीआधीच्या एका रविवारी, मला न सांगता. दुपारची वेळ, मॉल तुडुंब भरलेला. माझ्याशेजारी आमचा सुपरवायझर उभा होता, माझ्यापेक्षा वयानं लहान, टाय घातलेला, सतत वॉकीटॉकी कानाशी धरणारा. मी समोर बघितलं तर दारातून आई आत येत होती. अंगावर ठेवणीतली हिरवी साडी, डोक्याला तेल. दारातून चार पावलं आत आली, थांबली, वाकली, पायांतल्या चपला काढल्या आणि हातात घेतल्या. मग एका पिवळ्या पाटीला वळसा घालून ती भिंतीच्या कडेकडेनं, चवड्यांवर, अंग चोरून माझ्याकडे येऊ लागली. मधल्या सगळ्या चकचकीत फरशीवरून लोक बुटांनी ये-जा करत होते. दोन कॉलेजच्या मुली तिच्याकडे बघून हसल्या.

माझ्या डोक्यात एकदम काहीतरी पेटलं. जालन्याकडच्या आमच्या गावात माझ्या आजीला पाटलाच्या दारावरून जाताना चपला हातात घ्याव्या लागत. ही गोष्ट आईनंच मला सांगितलेली, एकदा नाही, पन्नासदा. त्या गावातून उठून आपण इथं आलो, शिकलो, आणि ही बाई काचेचं दार बघितल्याबरोबर पुन्हा चपला हातात घेते? मला तिचा राग आला. खरं सांगायचं तर त्या मुली हसल्या म्हणून मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग बरा म्हणून मी राग धरला.

सुपरवायझर म्हणाला, "ए, ती बाई बघ. अनवाणी आहे. अशीच जिन्यावर गेली ना, आपली वाट लागेल. सांग तिला."

ही माझी आई आहे, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी चार पावलं पुढे गेले आणि ट्रेनिंगमधल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, प्लीज चप्पल घाला. इथं अनवाणी चालत नाही."

आईनं माझ्याकडे बघितलं. माझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडे बघितलं, मागच्या टायवाल्याकडे बघितलं. आणि म्हणाली, "बरं, मॅडम."

तिनं चपला खाली टाकल्या, पायांत सरकवल्या. मान वर करून एकदा जिना कुठपर्यंत जातो ते बघितलं. मग वळली आणि आली तशी गेली. मी तिच्यामागे गेले नाही. माझ्यासमोर एक गुजराती कुटुंब उभं होतं, त्यांच्या आजीबाईंना वर जायचं होतं. मी हात पुढे केला आणि म्हणाले, "उजवा पाय आधी, बा. आता."

त्या दिवशी संध्याकाळी घरी गेले तर बादली भरून ठेवलेली होती. आई भाकरी थापत होती. "आज गर्दी होती ना?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं आणि पाय पाण्यात बुडवले. बोलायचं राहिलं ते राहिलंच. मॉलमध्ये ती पुन्हा कधी आली नाही आणि मीही पुन्हा कधी ये म्हटलं नाही. मनात मात्र मी रोज तिच्याशी भांडत राहिले. चुकलं माझं, कबूल, पण तूही चपला काढायला नको होत्यास. असं म्हटलं की माझं चुकणं थोडं हलकं व्हायचं.

मधल्या काळात उपनगरांत मॉलच मॉल झाले. अंधेरीला झाले, बोरिवलीला झाले, आमच्याच रस्त्यावर एकापुढे एक झाले. कपड्यांची तीच दुकानं, बुटांची तीच दुकानं, सगळीकडे त्याच पाट्या आणि वर्षभर चालणारा तोच सेल. आमच्या चाळीखालचा किराणावाला आधी हसायचा, मग तो स्वतःच मॉलच्या तळघरातून तेलाचे डबे आणायला लागला, आणि एके दिवशी त्यानं गाळा मोबाइलवाल्याला दिला. लोकांना जिन्याची सवय झाली. नमस्कार बंद झाले. पोरं तर उतरत्या जिन्यावरून उलटी वर पळायला लागली. पायथ्याशी आम्ही चौघीजणी होतो, मग दोघी, मग मी एकटी. एजन्सी बदलत गेली, गणवेशाचा रंग बदलत गेला, आतली बाई तीच.

पुढे आमच्यापेक्षा मोठा, जास्त काचेचा मॉल जवळच उभा राहिला आणि आमचा ओसरला. एकेक दुकान बंद झालं. बंद दुकानांवर 'लवकरच येत आहे' असे फलक लागले आणि काही फलकांचे रंगसुद्धा उडाले, पण कुणी आलं नाही. एका मजल्यावर दातांचा दवाखाना आला, एका मजल्यावर क्लास. जे लोक अजून काही विकत घेतात ते मोबाइलवरून घेतात. विजेचं बिल वाचवायला चारपैकी तीन जिने बंद करून ठेवले. चौथ्याच्या पायथ्याशी मी. एखाद्या दुपारी तासभर कुणी यायचं नाही आणि रिकाम्या पायऱ्या माझ्यासमोरून वर जात राहायच्या. इतकं थकायला व्हायचं त्यानं, तितकं गर्दीतही कधी झालं नव्हतं.

नोटीस लागली तेव्हा एजन्सीच्या माणसाला मी विचारलं, मला त्या नव्या मॉलमध्ये पाठवाल का? तो चांगला मुलगा आहे, त्यानं खरं ते सांगितलं. "ताई, तिथं जिन्यापाशी माणूस ठेवत नाहीत हो आता. आणि तुमचं वय..." पुढचं मी त्याला बोलू दिलं नाही. उरले होते अकरा दिवस.

आईला तयार करायला त्यातले आठ गेले. "आता कशाला? गुडघे बघ माझे," ती म्हणायची. "तिथं काय राहिलंय बघण्यासारखं? तूच म्हणतेस दुकानं बंद झाली." मी म्हटलं, जिना आहे. ती म्हणाली, "जिना काय, टेकडीलापण आहे." नवव्या दिवशी मी तिच्यासमोर बसले आणि सरळ सांगितलं, आई, माझ्यासाठी चल. ती म्हणाली, "बरं, साडी काढ."

माझा नवरा रिक्षा चालवतो, त्याच्या रिक्षातून आम्ही दोघी दुपारी पोचलो. त्या दिवशी मी रजा घेतली होती, अंगावर गणवेश नव्हता. दार ढकलून आत आलो. आत शुकशुकाट. जिना चालू होता, मी सकाळीच जिन्याच्या ऑपरेटरला फोन करून ठेवला होता. आईचा दंड माझ्या हातात होता. आणि चार पावलं आत जाताच ती थांबली, भिंतीला हात टेकला आणि मोठ्या कष्टानं खाली वाकून चपलेचा पट्टा सोडायला लागली.

"आई, काढू नकोस!" मी ओरडले. त्या मोकळ्या हॉलमध्ये आवाज घुमला. वीस वर्षं आतल्या आत घोळवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "आजीचं झालं ते झालं. हे काही आपलं गाव नाही आणि इथं कुणी पाटील बसलेला नाही. मरेपर्यंत चपला हातातच घेऊन चालायचं का आपण? त्या दिवशीपण तू हेच केलंस. सगळ्यांसमोर. मला कसं वाटलं असेल?"

आई वाकलेलीच होती. तिनं मान वर केली. तिला खरंच काही कळलं नव्हतं.

"गावाचं काय काढलंस मधेच?" ती म्हणाली. "ओलं आहे ना पुढे. ती बघ, पुसतेय."

मी बघितलं. हॉलच्या मध्यभागी एक बाई पोछा मारत होती. आमच्यापासून तीन हातांवर पिवळी पाटी उभी होती. फरशी ओली होती.

"पुसलेल्यावर चप्पल घालून गेलं की डाग उठतात," आई म्हणाली. "मग तिला परत पुसावं लागतं. साहेब लोकांना काय, ते जातात बुटानं. आम्ही पवईला सगळ्याजणी चपला काढून, कडेकडेनंच जायचो. कडा आधी वाळतात."

"आणि त्या दिवशी?" मी विचारलं.

"त्या दिवशीपण ओलंच होतं. कुणाचं तरी काहीतरी सांडलं होतं, एक पोरगी पुसत होती, आणि लोक तिच्या अंगावरून जात होते. तुला दिसली नाही ती?"

नाही दिसली. मी रोज हजार पावलं बघत होते, त्या पावलांखालची फरशी कोण पुसतंय ते मी कधी बघितलं नाही. वीस वर्षं मी स्वतः त्या ओल्या फरशीवरून बुटांनी चालले. आईकडून शिकायची म्हणजे एवढीच गोष्ट होती आणि मी ती तिचा कमीपणा समजून बसले.

"मग मी तुला मॅडम म्हटलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुझी नोकरी नवी होती. मागे तो टायवाला उभा होता." तिनं पट्टा पुन्हा लावला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. "थांबू जरा. वाळू दे."

पुसणारी बाई आमच्याकडे बघत होती. "मावशी, या ना, चालेल," ती म्हणाली. "कोण येतंय आता इथं बघायला."

"नाही गं, तुझं होऊ दे आधी," आई म्हणाली.

आम्ही दोघी थांबलो. बसायला काही नव्हतं. आई एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर भार टाकत होती आणि ओली फरशी हळूहळू मळकट पांढरी होत होती. मला तिची माफी मागायची होती. पण तिच्या लेखी काही घडलंच नव्हतं, तर माफी कशाची मागायची? मी रडत होते. तिनं ते बघितलं आणि पदराचं टोक माझ्या हातात दिलं, लहानपणी द्यायची तसं.

फरशी वाळली तशी आम्ही जिन्यापाशी गेलो. रिकाम्या पायऱ्या वर चालल्या होत्या. आईनं मान वर करून जिना कुठपर्यंत जातो ते पुन्हा एकदा बघितलं, निऱ्या डाव्या हातात घेतल्या आणि माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत मिस्कील हसू होतं.

"कुठला पाय आधी, मॅडम?"

वीस वर्षं रोज सांगत आले ते वाक्य माझ्या तोंडातून निघेना. मी नुसता हात पुढे केला. तिनं तो धरला आणि पाय टाकला, आणि अर्धं पाऊल मीच मागे राहिले.